व्होल्ट आणि ॲम्पिअर मोजा, रोध आणि वॅट स्वतः काढा: गोव्यातल्या घरासाठी

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की प्रत्येक घरात एकच प्रश्न असतो: या बोर्डावर अजून एक प्लग चालेल का? जुनं चिऱ्याचं घर, लाकडी पट्टीवरचं वायरिंग, आणि त्यावर आता गीझर, फ्रिज, विहिरीचा पंप, इंडक्शन शेगडी असं सगळं चढलेलं. वायरमन येतो, 'लोड जास्त झाला' म्हणतो आणि जातो. लोड म्हणजे किती, कुठे, कशाचा, हे आपल्याला कळलेलं नसतं. आमच्या फोंडा तालुक्यातल्या घराचं वायरिंग नवं करून घेताना मी हा हिशेब शिकलो. सहावी-सातवीचं गणित येत असेल तर तो कुणालाही जमतो, म्हणून पायरीपायरीने मांडतो.

शाळेत आपण विभवांतर, विद्युतधारा, रोध आणि शक्ती शिकलो. दुकानात आणि वायरमनच्या तोंडी व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स आणि वॅट असतात. खाली दोन्ही येतील.

१. सूत्रं दोनच

जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली मांडलेला नियम असा: व्होल्ट ÷ ॲम्पिअर = ओहम. म्हणजे दाब भागिले प्रवाह, उत्तर रोध.

दुसरं शक्तीचं: व्होल्ट × ॲम्पिअर = वॅट.

ही दोन एकत्र केली की आणखी दोन मिळतात:

- ॲम्पिअर × ॲम्पिअर × ओहम = वॅट
- व्होल्ट × व्होल्ट ÷ ओहम = वॅट

चारांपैकी कुठल्याही दोन राशी ठाऊक असल्या की उरलेल्या दोन निघतात. अट एकच, आणि पुढच्या निम्म्या चुका तिच्यामुळेच होतात: दोन्ही आकडे त्याच उपकरणाचे, त्याच क्षणाचे आणि उपकरण चालू असतानाचे हवेत. सकाळचा व्होल्टेज आणि रात्रीचा करंट यांचा गुणाकार करून काही हाती लागत नाही.

२. जवळ काय हवं

- डिजिटल मल्टिमीटर. त्यावर 'कॅट ३, ६०० व्होल्ट' (ही सुरक्षेची श्रेणी) असं छापलेलं असावं. अगदी स्वस्तातला घेऊ नका. त्याच्या वायरींचं इन्सुलेशनच पातळ असतं.
- क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती जबडा धरून एसी करंट (घरात येणाऱ्या विजेचा, दिशा बदलत वाहणारा) मोजणारा. घरात एकच मीटर घ्यायचा असेल तर हाच घ्या, कारण बहुतेक क्लॅम्प मीटर व्होल्टेज आणि रोधही दाखवतात.
- १६ ॲम्पिअरची छोटी एक्स्टेन्शन वायर, जिच्या तीन तारा बाहेरचं आवरण काढून वेगळ्या केल्या आहेत, पण प्रत्येक तारेचं स्वतःचं इन्सुलेशन शाबूत आहे. ही वायरमनकडून करून घ्या. कशासाठी, ते पाचव्या पायरीत येईल.
- टेस्टर, रबरी तळव्याची चप्पल, वही.
- कागदांपैकी वीज खात्याचं शेवटचं बिल (त्यावर मंजूर भार, म्हणजे खात्याने तुमच्या घराला मान्य केलेले किलोवॅट, असतो) आणि प्रत्येक उपकरणाच्या नेमप्लेटचा मोबाइलवर काढलेला फोटो. गीझर आणि पंपाच्या प्लेट्स अडचणीच्या जागी असतात. फोटो असला की दर वेळी शिडी लावावी लागत नाही.

३. आधी हे वाचा

ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर, न्हाणीघरात मीटर घेऊन उभं राहू नका. ओलसर कातडीच्या माणसाचा रोध साधारण १,००० ओहम धरतात. २३० ÷ १,००० = ०.२३ ॲम्पिअर, म्हणजे २३० मिलिॲम्पिअर. हृदयाची लय बिघडायला याच्या कितीतरी कमी करंट पुरतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतीसुद्धा ओल्या असतात, त्या दिवसांत उघड्या बोर्डाचं काम करूच नका.

मल्टिमीटरची एक चूक मात्र प्राणघातक आहे. त्याची लाल वायर '१० ॲम्पिअर' लिहिलेल्या भोकात असताना टोकं सॉकेटमध्ये घातली तर तो सरळ शॉर्टसर्किट होतो, कारण त्या भोकातून मीटरचा रोध जवळजवळ शून्य असतो. सॉकेटला हात लावण्याआधी दर वेळी पाहा: लाल वायर 'व्होल्ट-ओहम'च्या भोकात, बटण एसी व्होल्टवर, रेंज ६०० किंवा ७५०. घरच्या सप्लायवर '१० ॲम्पिअर'च्या भोकाची गरजच पडत नाही, त्यासाठी क्लॅम्प आहे.

आणि रोध मोजायचा तो फक्त प्लग काढलेल्या उपकरणाचा. चालू लाइनवर ओहमचं बटण कधीही नाही.

४. व्होल्टेज दोनदा मोजा

सॉकेटच्या फेज (वीज येते ती तार) आणि न्यूट्रल (परत जाते ती तार) यांच्या भोकांत टोकं घाला. कागदावर २३० व्होल्ट असला तरी प्रत्यक्षात कमीजास्त दिसेल. गावाच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरपासून लांब असलात तर संध्याकाळी बराच खाली गेलेला दिसतो.

आता तेच मोजमाप उपकरण चालू करून पुन्हा घ्या. ही दुसरी नोंद लोक सोडून देतात, आणि खरी माहिती तिच्यातच असते. समजा गीझर बंद असताना २२६ व्होल्ट होता आणि चालू केल्यावर २१८ झाला. मधले ८ व्होल्ट कुठेतरी खाल्ले गेले. कुठे, ते सहाव्या पायरीत काढू.

५. करंट: क्लॅम्पमध्ये एकच तार

क्लॅम्प मीटरचा जबडा तारेभोवती तयार होणारं चुंबकीय क्षेत्र मोजतो. अख्खी केबल जबड्यात धरली तर फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा करंट एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात आणि आकडा शून्य येतो. नवशिके इथे 'मीटर बिघडला' म्हणून दुकानात परत जातात. वर सांगितलेली सुट्या तारांची एक्स्टेन्शन यासाठीच आहे: उपकरण तिच्यावर लावा आणि फक्त फेजची तार जबड्यात घ्या.

करंट फार लहान असेल, उदाहरणार्थ एलईडी माळेचा, तर तीच तार जबड्यातून १० वेळा गुंडाळा आणि आलेला आकडा १० ने भागा. आकड्याचा नेमकेपणा वाढतो.

६. पहिला हिशेब: गीझर

गीझरपासून सुरुवात करा. त्यात तापणारी कॉइल सोडून जवळजवळ काही नसतं, त्यामुळे वरची सूत्रं त्याला तंतोतंत लागू पडतात.

नेमप्लेटवर २,००० वॅट, २३० व्होल्ट. यावरून कॉइलचा रोध २३० × २३० ÷ २,००० = २६.४५ ओहम.

आता मोजलेले आकडे: २१८ व्होल्ट, ८.२ ॲम्पिअर.

रोध = २१८ ÷ ८.२ = २६.६ ओहम.
शक्ती = २१८ × ८.२ = १,७८८ वॅट.

रोध प्लेटशी जुळला, म्हणजे कॉइल ठणठणीत आहे. वॅट कमी आले ते व्होल्टेज कमी आहे म्हणून. 'गीझर जुना झाला, पाणी तापत नाही' म्हणून नवा आणण्याआधी हे दोन भागाकार-गुणाकार करा.

व्होल्टेज थोडा पडला की शक्ती जास्त पडते, कारण सूत्रात व्होल्ट दोनदा गुणलेला आहे. १९० व्होल्टवर हाच गीझर १९० × १९० ÷ २६.४५ = १,३६५ वॅट देतो. व्होल्टेज १७ टक्के घसरला, शक्ती ३२ टक्के. १५ लिटर पाणी २७ अंशांवरून ५० अंशांवर न्यायला २,००० वॅटला १२ मिनिटं लागतात, १,३६५ वॅटला जवळपास १८.

आता ते हरवलेले ८ व्होल्ट. करंट ८.२ ॲम्पिअर होता, म्हणून वाटेतल्या वायरींचा आणि जोडांचा रोध ८ ÷ ८.२ = सुमारे १ ओहम. त्यात जळणारी शक्ती ८ × ८.२ = ६६ वॅट. ही उष्णता लांबच्या वायरीत पसरली तर फारसं बिघडत नाही. पण सगळी एकाच सैल स्क्रूखाली, एकाच सॉकेटच्या पत्तीत निघत असेल तर ते सॉकेट पिवळं पडतं, मग काळं, आणि एक दिवस वितळतं. किनाऱ्याजवळच्या गावांत खाऱ्या हवेने तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो आणि जोडाचा रोध वाढतो. तिथे ही तपासणी दर वर्षी करावी असं माझं ठाम मत आहे. मोजताना बाहेरचा व्होल्टेजही वरखाली होत असतो, म्हणून चालू-बंद असं तीन-चार वेळा करून सरासरी घ्या. फरक दर वेळी तेवढाच येत असेल तरच तो तुमच्या वायरिंगचा धरा. मग वायरमनला 'या सॉकेटवर आठ व्होल्ट पडतात' एवढं सांगितलं तरी तो नेमका तो जोड उघडून पाहतो.

७. गार रोध आणि गरम रोध

इथे बहुतेकांचा हिशेब गडगडतो. १०० वॅटचा तारेचा जुना बल्ब घ्या. २३० × २३० ÷ १०० = ५२९ ओहम. तोच बल्ब होल्डरमधून काढून मल्टिमीटरने मोजा, चाळीसच्या आसपास ओहम दिसतील. त्या चाळिसावरून शक्ती काढली तर १,३२२ वॅट येते, जी उघडच खोटी आहे.

मीटर खोटं बोलत नाही. बल्बमधली टंगस्टनची तार पेटल्यावर दोन-अडीच हजार अंशांपर्यंत तापते आणि तिचा रोध गार असतानाच्या दहा-पंधरा पट होतो. गीझर, इस्त्री, टोस्टर यांत नायक्रोम असतं. त्याचा रोध तापल्यावर थोडाच बदलतो, म्हणून त्यांना गार मोजलेला आकडा चालतो.

एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, टीव्ही, इन्व्हर्टर एसी यांचा प्लगवर ओहम मोजणं तर निरर्थकच. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, दिसणारा आकडा कशाचाच नसतो.

८. विहिरीचा पंप: इथे व्होल्ट × ॲम्पिअर म्हणजे वॅट नव्हे

१ हॉर्सपॉवरचा पंप. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, पण हे मोटरच्या दांड्यावर मिळणारं काम. वीज त्याहून जास्त लागते, साधारण १,१०० वॅटच्या घरात. मोजलं तर २१५ व्होल्टला ६.८ ॲम्पिअर येतील. गुणाकार १,४६२. मग खरं काय?

१,४६२ हे व्होल्ट-ॲम्पिअर आहेत, वॅट नव्हेत. मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या थोडा मागे राहतो, त्यामुळे गुणाकाराचा काही भागच काम करतो. त्या भागाला पॉवर फॅक्टर म्हणतात. या आकाराच्या पंपाला तो ०.८ धरला तर १,४६२ × ०.८ = सुमारे १,१७० वॅट. बिलाचे युनिट यावरून काढा. वायर आणि एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच) मात्र पूर्ण ६.८ ॲम्पिअरवरून निवडा, कारण वायर तापते ती करंटने.

पंपाच्या वाइंडिंगचा (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळ्यांचा) रोध मीटरवर ३ ओहम दिसला तर २१५ ÷ ३ = ७२ ॲम्पिअर हा हिशेब करू नका. फिरणारी मोटर स्वतःच उलट दिशेचा व्होल्टेज तयार करते आणि करंट रोखून धरते. रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, अडकला की तो उलटा दाब नाहीसा होतो आणि करंट अनेक पटींनी चढतो. म्हणून पंप नुसता गुणगुणला, फिरला नाही, तर काही सेकंदांत बंद करा.

दुसरी उलटी गोष्ट: व्होल्टेज पडला की गीझरचा करंट कमी होतो, पंपाचा मात्र वाढतो. पाणी तेवढंच वर चढवायचं असतं, दाब कमी मिळाला की मोटर प्रवाह जास्त ओढते. एप्रिल-मे महिन्यांत, पाण्याची ओढ आणि व्होल्टेजची पडझड एकाच वेळी होते, तेव्हाच वाइंडिंग जळण्याचं हे कारण.

९. विहिरीपर्यंतच्या वायरीचा रोध

तांब्याच्या वायरीसाठी व्यवहारातलं सूत्र: ०.०१८ × लांबी मीटरमध्ये ÷ जाडी चौरस मिलिमीटरमध्ये = ओहम. लांबी जाण्याची आणि येण्याची, दोन्ही धरा. हे विसरलं की उत्तर निम्मं येतं.

घरापासून विहीर ६० मीटरवर, म्हणजे १२० मीटर तार.

१.५ चौरस मिमी: ०.०१८ × १२० ÷ १.५ = १.४४ ओहम. ७ ॲम्पिअरला १० व्होल्ट पडतील, ७० वॅट वायरीत जातील.
२.५ चौरस मिमी: ०.८६ ओहम. ६ व्होल्ट, ४२ वॅट.

फरक किरकोळ वाटतो ना? आता पंप सुरू होतानाचा क्षण घ्या. त्या वेळी करंट पाच-सहा पट, म्हणजे ४० ॲम्पिअरपर्यंत जातो. पातळ वायरीत ४० × १.४४ = ५८ व्होल्ट पडले, जाडीत ३५. घरात २१५ असतील तर पातळ वायरीच्या टोकाला पंपाला १५७ मिळाले, आणि तो उठलाच नाही. कपॅसिटर बदलून, पंप बाहेर काढूनही जे सुटत नाही ते पुष्कळदा या वायरीत अडकलेलं असतं. मी लांबच्या विहिरीला ४ चौरस मिमी घालायला सांगतो.

१०. अर्थिंगचा हिशेब मे महिन्यात

फ्रिजच्या आत फेजची तार पत्र्याला टेकली असं समजा. अर्थिंगचा, म्हणजे पत्र्याला जमिनीशी जोडणाऱ्या वाटेचा, रोध ५ ओहम असेल तर २३० ÷ ५ = ४६ ॲम्पिअर वाहतील आणि १६ ॲम्पिअरची एमसीबी काही सेकंदांत पडेल. रोध ५० ओहम असेल तर २३० ÷ ५० = ४.६ ॲम्पिअर. एमसीबीला हा साधा भार वाटतो, ती पडत नाही. फ्रिजचा पत्रा जवळपास २३० व्होल्टवर तसाच उभा राहतो आणि कुणीतरी अनवाणी येऊन दार उघडतं.

आपल्या जांभ्याच्या जमिनीत हा धोका खरा आहे. पावसात ती पाणी धरते तेव्हा अर्थिंग उत्तम दिसतं. उन्हाळ्यात कोरडी पडली की रोध कैक पटींनी चढतो. म्हणून अर्थिंगची तपासणी मे महिन्यात करून घ्या. ती साध्या मल्टिमीटरने होत नाही, जमिनीत खुंट्या रोवून अर्थ टेस्टरने करावी लागते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत राहा.

आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवा. तो गेलेला आणि परतलेला करंट ताडून पाहतो, ०.०३ ॲम्पिअरचा फरक आला की लाइन तोडतो. वरच्या उदाहरणातले ४.६ ॲम्पिअर त्याच्या मर्यादेच्या दीडशे पट आहेत. घरात पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर मी यावर घालीन. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.

११. काहीही न उघडता वॅट काढायचे असतील तर

घराच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि जवळच एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३,२००. घरातलं सगळं बंद करून एकच उपकरण चालू ठेवा आणि १० लुकलुकींना लागलेले सेकंद मोबाइलवर मोजा. पहिली लुकलुक 'शून्य' म्हणून मोजा.

वॅट = ३६,००,००० × १० ÷ (३,२०० × सेकंद)

१०० सेकंद लागले तर ११२.५ वॅट. हे मोजमाप खरे वॅट देतं, पॉवर फॅक्टर धरून, म्हणून पंपाला आणि फ्रिजला हीच पद्धत बरी. पंपाचे आठव्या पायरीतले १,१७० वॅट बरोबर आहेत का, तेही इथे पडताळता येतं. वॅट × तास ÷ १,००० = युनिट.

१२. चवथीच्या बोर्डाचं गणित

६ ॲम्पिअरचं सॉकेट जास्तीत जास्त २३० × ६ = १,३८० वॅटचं. १६ ॲम्पिअरचं ३,६८० वॅटचं. माटोळीभोवतीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छताभोवतीच्या) एलईडी माळा दहा लावल्या तरी त्यांची चिंता नाही. नेवऱ्या (करंज्या) तळायला २,००० वॅटची इंडक्शन शेगडी त्याच ६ ॲम्पिअरच्या एक्स्टेन्शनवर लावली तर ८.७ ॲम्पिअर जातात, आणि बोर्ड सणाच्या दिवशीच वितळतो. शेगडी, गीझर, इस्त्री यांना प्रत्येकी १६ ॲम्पिअरचं स्वतंत्र सॉकेट द्या.

एमसीबी सारखी पडते म्हणून मोठ्या आकड्याची बसवायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. ती भिंतीतल्या वायरीला वाचवत असते. एमसीबी मोठी करायची तर आधी वायर जाड करावी लागते.

सगळ्या उपकरणांचे वॅट वहीत लिहून झाल्यावर एकाच वेळी चालू असणाऱ्यांची बेरीज करा आणि ती बिलावरच्या मंजूर भाराशी ताडून पाहा. १ किलोवॅट म्हणजे १,००० वॅट. बेरीज जास्त येत असेल तर वीज खात्याच्या आपल्या भागातल्या कार्यालयात वाढीव भारासाठी अर्ज करायचा. सोबत परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो, म्हणून अर्जाआधी त्याच्याकडून वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्या. त्याच्यासमोर ही वही ठेवा. उपकरण, प्लेटवरचे वॅट, चालू असतानाचे व्होल्ट, ॲम्पिअर, निघालेला ओहम आणि मोजल्याची तारीख, एवढे सहा रकाने पुरतात.